वही कोण तपासणार?

फेब्रुवारी उजाडला की कराडच्या आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरची मांडणी बदलते. खोकल्याची औषधं मागच्या फळीवर जातात आणि पुढे येतात ब्राह्मी, शंखपुष्पी, ज्योतिष्मती अशी नावं मिरवणाऱ्या तपकिरी बाटल्या. बहुतेक खोक्यांवर चष्मा लावलेला एक हसरा मुलगा असतो. दहावी-बारावीचे पेपर संपेपर्यंत तो तिथून हलत नाही. आया येतात, "स्मरणशक्तीचं काहीतरी द्या" म्हणतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाटली काढून देतात, "दोन चमचे सकाळी, दोन रात्री, जेवणानंतर" एवढं सांगतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. डॉक्टरची चिठ्ठी वगैरे काही लागत नाही.

हेच अण्णा, मी पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करताना मोडाफिनिल नावाची झोप उडवणारी गोळी घेतेय हे कळल्यावर माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नव्हते. फोन लागला की "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की ऐकणारा लगेच कप्पे पाडतो. जुन्या वळणाचे आईवडील, नव्या जमान्याची मुलगी, औषधांची भीती, झालं. पण आमच्या घरात बुद्धीसाठी पोटात काहीतरी घेणं कधीच निषिद्ध नव्हतं. उलट ते घेतलं नाही तर आई ओरडायची. वाद होता तो प्रयोग कुणी कुणावर करायचा आणि त्याचा हिशेब कुणाला द्यायचा, याचा.

माझ्यावरचे प्रयोग मला बोलता येण्याआधीच सुरू झाले होते. आईचे वडील वैद्य. सहाणेवर उगाळायच्या बाळगुटीत हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ यांच्या जोडीला वेखंडाचे वेढे जरा जास्त, कारण वेखंडानं वाचा स्वच्छ होते आणि बुद्धी तल्लख. मग दर पुष्य नक्षत्राला, म्हणजे साधारण २७ दिवसांनी, सुवर्णप्राशन. शाळेत जायला लागल्यावर रात्री भिजवून सकाळी सोललेले बदाम. चौथीच्या स्कॉलरशिपच्या वर्षी सारस्वतारिष्ट. अरिष्ट आंबवून करतात, त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. म्हणजे स्कॉलरशिपची तयारी मी किंचित दारू पिऊन केली. हे मी एकदा आईला म्हणाले तेव्हा तिनं उत्तर द्यायचंही नाकारलं.

आजोबांचा आधार चरकसंहितेचा होता. मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायनं, त्यातही शंखपुष्पी विशेष. आईला हे सगळं पाठ. इतकं पाठ की तिच्या स्मरणशक्तीकडे पाहून एखाद्याचा शंखपुष्पीवर विश्वास बसावा.

पुण्यात मात्र वेगळं जग. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना अभ्यासिका म्हणजे काय हे सांगायला नको. प्लायवूडचे आडोसे, समोर भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक, बाहेर चपलांचा ढीग, आणि रात्री अकरालाही चहाच्या टपरीवर कटऑफची चर्चा. झोप हा तिथे दोष मानतात. कोण किती तास बसला यावर माणसाची किंमत ठरते. त्या तासांत डोक्यात काय शिरलं हे कुणी विचारत नाही. मोडाफिनिल अशा ठिकाणी पोचलं नसतं तरच नवल. माझ्याकडे ते आलं कात्रीनं कापलेल्या अर्ध्या स्ट्रिपच्या रूपात, मैत्रिणीच्या ओळखीतून.

मोडाफिनिल हे मूळ फ्रान्समध्ये शोधलेलं औषध. नार्कोलेप्सी नावाचा आजार असतो, त्यात माणूस दिवसाढवळ्या, बोलता बोलता झोपेत कोसळतो. त्या रुग्णांना जागं ठेवण्यासाठी ते दिलं जातं. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. युरोपच्या औषध नियामकानं २०१० मध्ये फेरतपासणी केली आणि ते फक्त नार्कोलेप्सीपुरतंच वापरावं असं सांगितलं. आपल्याकडे ते शेड्यूल एच मध्ये येतं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. स्मरणशक्तीचं औषध म्हणून ते कुठेच मंजूर झालेलं नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. बायोटेक केलंय, वाचता येतं.

मी घेतलं ते कुतूहलानं, आणि थोडं घाबरून. मुख्य परीक्षा जवळ येत होती. गोळीनं मी हुशार झाले नाही, खुर्चीला चिकटले. भूक मेली. फोन हातात घ्यावासा वाटेना. ७३व्या घटनादुरुस्तीच्या नोट्स काढल्या, मग त्याच नोट्स तीन रंगांच्या पेनांनी पुन्हा काढल्या, मग समासात बाण काढले. तितकं देखणं पंचायत राज महाराष्ट्रात दुसरं नसेल. आणि हे सगळं मी एका वहीत टिपत होते: किती वाजता गोळी, किती तास बैठक, किती पानं, दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून किती आठवलं. मला तो माझा प्रयोग वाटत होता, आणि प्रयोग म्हटलं की नोंद हवी.

घरी कळलं ते माझ्याच फोनमुळे. सर्दी झाली होती, तर अण्णांना विचारलं, "मोडाफिनिल चालू असताना सेट्रिझिन चालतं का?"

"कोण घेतंय मोडाफिनिल?"

"मैत्रीण."

"मैत्रिणीला सर्दी झाली आणि आवाज तुझा बसला होय?"

औषध दुकानदाराच्या मुलीनं औषधाबद्दल खोटं बोलू नये. तिथे पकडलं जायला दोन वाक्यं पुरतात.

खरं भांडण दिवाळीत घरी झालं. अण्णांचा सूर मला वाटला होता तसा नव्हता. व्यसन लागेल, वाया जाशील असलं काही ते बोलले नाहीत. पहिला प्रश्न, "स्ट्रिपवर एक्सपायरी काय होती?" मी गप्प, कारण बॅच आणि तारीख कापलेल्या दुसऱ्या अर्ध्या भागावर गेली होती. दुसरा, "कधी घ्यायचीस?" म्हटलं, संध्याकाळी सातला, रात्री बसायचं असायचं म्हणून. ते म्हणाले, "हिचं अर्धं आयुष्य बारा ते पंधरा तासांचं. सातला घेतलीस तर सकाळी सातलाही निम्मी अंगात. मग झोपतेस कधी? आणि झोपली नाहीस तर वाचलेलं मुरणार कधी?"

हे वाक्य एखाद्या जुन्या माणसाचं वाटेल, पण विज्ञानही तेच म्हणतं. दिवसा मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधारानं धरून ठेवलेलं नवं काही पक्कं होण्यात गाढ झोपेचा मोठा वाटा असतो. झोपेनंतर जास्त आठवतं हे जेनकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं. लक्षात राहावं म्हणून झोप उडवणारी गोळी घ्यायची हा व्यवहार मुळातच आतबट्ट्याचा, असं अण्णांचं म्हणणं.

मग त्यांनी अंगावर पुरळ आलं तर काय करायचं ते सांगितलं (गोळी तिथल्या तिथे बंद आणि थेट डॉक्टर, क्वचित का होईना, कातडी सोलून निघणारी भयंकर प्रतिक्रिया या औषधानं होऊ शकते). आणि मग, आई समोर बसलेली असताना, आवाजात काहीही फरक न करता म्हणाले, "गर्भनिरोधक गोळ्यांचा असर यानं कमी होतो. तुमच्या तिथल्या मुली पीसीओडीसाठीसुद्धा त्याच गोळ्या घेत असतात. त्यांना कुणी सांगितलंय का?"

आईनं कढीचं पातेलं उगाचच आत नेलं. मी अण्णांकडे बघत राहिले. आमच्या घरात 'पाळी' हा शब्दसुद्धा दबक्या आवाजात बोलला जायचा. रात्री मी पुण्याला फोन केला. आमच्या हॉस्टेलवर एक मुलगी दोन्ही गोळ्या घेत होती, आणि तिला हे खरंच कुणी सांगितलं नव्हतं. जिनं स्ट्रिप कापून दिली तिनं नाही, मी नाही, ज्या इंग्रजी साइटवर आम्ही सगळं वाचत होतो तिथेही ते कुठेतरी खाली, आमची नजर न पोचणाऱ्या जागी होतं.

पण मी काही एवढ्यावर गप्प बसणारी नव्हते. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवरच्या बाटलीचा विषय काढला. बाटली २०० मिलीची. दोन चमचे म्हणजे १० मिली, दिवसातून दोनदा म्हणजे २०. दहा दिवसांत बाटली खल्लास. ब्राह्मीवरचे जे बरे प्रयोग झालेत, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियातला २००१ सालचा स्विनबर्न विद्यापीठाचा, त्यात रोज ३०० मिलिग्रॅम अर्क देऊन १२ आठवडे थांबले होते, आणि तेव्हा कुठे थोडासा फरक दिसला. तोही बकोपा नावाच्या ज्या ब्राह्मीवर आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं वर्षानुवर्षं काम केलंय तिच्या अर्काचा; बाजारात ब्राह्मी म्हणून निराळीच मंडूकपर्णीही सर्रास खपते. मग फेब्रुवारीत घेतलेली बाटली मार्चच्या पेपरला काय दिवे लावणार?

अण्णा शांतपणे म्हणाले, "काहीच नाही. म्हणूनच तर विकतो."

मी अवाक. ते पुढे म्हणाले, "ती बाई रिकाम्या हातानं गेली तर आणखी कुठेतरी जाणार, कुणीतरी तिला काहीबाही देणार. यानं पोराचं नुकसान होत नाही. फार तर पोट जरा सैल होईल. आईला वाटतं आपण काहीतरी केलं, पोराला वाटतं आता लक्षात राहील. तुझ्या गोळीनं खरंच काहीतरी होतं, म्हणून तिला चिठ्ठी लागते."

इथे भांडण तिहेरी झालं, कारण आई स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. "म्हणजे माझ्या बापानं आयुष्यभर लोकांना रंगीत पाणी दिलं म्हणायचं?" अण्णांनी बाटलीतलं आणि वैद्यानं स्वतः केलेलं यात फरक आहे वगैरे सारवासारव केली, पण ती त्यांना महागात पडली. त्या दिवाळीला आमच्या घरात तीन पक्ष होते आणि कुणाचीच कुणाशी युती नव्हती.

आईचा माझ्यावरचा राग वेगळ्याच जागेवरून होता. तिला गोळीचं अर्धं आयुष्य वगैरेशी देणंघेणं नव्हतं. तिचा मुद्दा शेजारच्या खुर्चीचा होता. "तुझ्या शेजारी बसलेली ती गडचिरोलीची पोर, तिला ही गोळी कोण आणून देणार? धावणाऱ्या पोरींची पदकं काढून घेतात ना असलं काही सापडलं की?" आईला नाव माहीत नव्हतं, पण नेमकी हीच गोष्ट घडलेली आहे. अमेरिकेची केली व्हाइट २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत १०० आणि २०० मीटर जिंकली, तपासणीत मोडाफिनिल सापडलं आणि दोन्ही सुवर्णपदकं गेली. परीक्षेच्या हॉलबाहेर मात्र कुणी लघवीचा नमुना मागत नाही.

मी म्हटलं, मग क्लासच्या फीचं काय? टेस्ट सिरीजचं? एसी अभ्यासिकेचं? गडचिरोलीच्या मुलीला तेही कुणी देत नाही. आई म्हणाली, "एक अन्याय आहे म्हणून दुसरा करावा असं कुणी शिकवलं तुला?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. तरीही मला वाटतं की तिचा मुद्दा गोळीविरुद्ध कमी आणि परीक्षेविरुद्ध जास्त जातो. मूठभर जागा, लाखांनी उमेदवार, आणि सगळी भिस्त पाठांतरावर. अशा ठिकाणी कुणीतरी गोळीकडे जाणारच.

मी एर्डिशचाही दाखला दिला. पॉल एर्डिश हा थोर गणिती उत्तेजक गोळ्या घ्यायचा. १९७९ मध्ये त्याचा मित्र रॉन ग्रॅहमनं ५०० डॉलरची पैज लावली की तू महिनाभर सोडून दाखव. एर्डिशनं सोडल्या, पैज जिंकली आणि वर तक्रार केली की तुझ्यामुळे गणित महिनाभर मागे पडलं. अण्णा म्हणाले, "तो गोळीच्या आधीही एर्डिशच होता." आणि पेपर वाचायला लागले.

खरा घाव बसला तो वहीवरून. मीच ती मोठ्या अभिमानानं त्यांच्यापुढे ठेवली होती. अण्णांनी चष्मा वर करून पानं उलटली, स्टॉक रजिस्टर बघतात त्याच सवयीनं, आणि मधल्या कोऱ्या ओळींवर बोट ठेवलं. "या दिवशी काय झालं?" म्हटलं, डोकं दुखत होतं, नाही लिहिलं. "आणि या?" त्या दिवशी बसलेच नव्हते. "म्हणजे चांगले दिवस तेवढे लिहिलेस. औषध देणारी तू, घेणारी तू, लिहिणारी तू. वही कोण तपासणार?"

मी चिडून आईकडे वळले. "माझ्या बाळगुटीची वही दाखव मला. वेखंड किती वेढे, किती महिने, काय फरक पडला?" वेखंडात बीटा-असरोन नावाचं द्रव्य असतं, भारतीय वेखंडात तर बरंच. उंदरांमध्ये त्यानं गाठी होतात असं दिसल्यावर अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. आमच्या सहाणेपर्यंत ती बातमी आली नव्हती. आई म्हणाली, "तुझी वाचा तर चांगली स्वच्छ झालीय. दिसतंय." हशा पिकला, पण माझा प्रश्न तिथेच राहिला. मुलाला विचारून बाळगुटी देता येत नाही हे खरं. पण मग सज्ञान मुलीनं स्वतःच्या अंगावर प्रयोग केला की तेवढाच का खुपतो? मी निदान वही तरी केली होती.

२०२३ मध्ये मेलबर्नचा एक शोधनिबंध आला, आणि अण्णांना तो मीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ४० निरोगी तरुण माणसांना मोडाफिनिलसह तीन औषधं आणि एक बनावट गोळी आळीपाळीनं देऊन एक कोडं घातलं होतं: पिशवीत ठरावीक वजन मावतं, तर कुठल्या वस्तू भरल्या म्हणजे जास्तीत जास्त किंमत होईल? गोळी घेतल्यावर माणसं जास्त वेळ बसली, जास्त खटपट केली, वस्तू जास्त वेळा आतबाहेर केल्या. पण खटपटीचा दर्जा घसरला. जे बनावट गोळीवर सरासरीच्या वर होते, त्यांच्यातले बरेच औषधावर सरासरीच्या खाली आले. वाचताना मला माझे ते तीन रंगांतले बाण दिसत होते. त्याआधी २०१५ मध्ये ऑक्सफर्ड आणि हार्वर्डच्या दोघांनी २४ अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं होतं की मोडाफिनिलचा थोडाफार उपयोग नियोजन, निर्णय अशा अवघड कामांत दिसतो. ते मी भांडणात फेकून मारलं होतं. पण त्यातही स्मरणाच्या बाजूला फारसं काही पडत नाही. आणि पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेतली की आठवड्यानं जास्त आठवतं, हे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलेलं. त्याला ना चिठ्ठी लागते ना कात्री.

अण्णांचं उत्तर आलं: अंगठा. बस्स.

मी गोळ्या बंद केल्या होत्याच. राज्यसेवा झाली नाही, त्याचं खापर मी गोळीवर फोडत नाही आणि झोपेवरही नाही. हल्ली मी पुण्यात औषधांच्या चाचण्यांची माहिती तपासायचं काम करते. कोरी ओळ दिसली की का कोरी म्हणून विचारते. (हो, विनोद मलाही कळतो.) पण माझं मूळ म्हणणं मी सोडलेलं नाही. सज्ञान माणसाचं शरीर त्याचं आहे, आणि त्यावर काय करून बघायचं हे आईवडिलांच्या परवानगीनं ठरू नये. अण्णा म्हणतात, परवानगी कोण मागतंय? चिठ्ठी म्हणजे परवानगी नव्हे. आणखी एका माणसाला माहीत असणं, आणि त्या माणसाला तुझ्या गोळीत किंवा तुझ्या मार्कांत फायदा नसणं. मी म्हणते, डॉक्टर अशी चिठ्ठी देणार नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही हे बोलता. ते म्हणतात, बरोबर. आमचं इथपर्यंत येऊन अडतं.

मागच्या वर्षी नवीन गंमत झाली. अण्णाच विसरायला लागले. काउंटरवर उभं राहून औषधाचं नाव जिभेवर आहे आणि ओठांवर येत नाही. तीस-पस्तीस वर्षं जी फळी डोळे मिटून सापडायची तिथे हात घुटमळतो. आई घाबरली. मी म्हटलं, आधी बी-१२ तपासा. गळ्यात माळ, म्हणजे मांसाहार कधीच नाही, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन कित्येक वर्षं. त्यानंही बी-१२ कमी होतं. दुसऱ्यांना हे काउंटरवरून सांगणाऱ्या माणसानं स्वतःचं तपासलं नव्हतं. आकडा खरंच खाली आला. त्यांनी रीतसर डॉक्टरकडे जाऊन, चिठ्ठी आणून, जानेवारीत इंजेक्शनं सुरू केली, आणि चिठ्ठीचा फोटो मला मुद्दाम पाठवला.

मार्चमध्ये घरी गेले तर माणूस बराच तरतरीत. नावं भराभर. मी विचारलं, "फरक नक्की कशानं पडला, इंजेक्शनानं की झोप सुधारल्यानं? नोंद ठेवलीय?" त्यांनी विजयी मुद्रेनं खिशातून छोटी वही काढली. तारखा, डोस, रिपोर्टचा आकडा, एकही ओळ कोरी नाही. "घे, तपास."

मी तपासत असताना आई ताटं वाढत होती. म्हणाली, "आणि मी रोज रात्री दुधातून शंखपुष्पी देतेय, ते लिहिलंय का त्यात?"

अण्णांनी वर पाहिलं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून," आई म्हणाली. "तुम्हाला विचारलं असतं तर घेतली असतीत का?"